खेळाडू जातो, भरपाई कुणाला?

आयपीएलचे सामने मी शेवटपर्यंत क्वचितच बघतो, पण हंगाम संपल्यानंतरच्या अदलाबदलीच्या बातम्या मात्र चवीने वाचतो. कोण कुठे चालला, कुणाच्या बदल्यात, किती कोटींना... बैलबाजारात नुसतं उभं राहून भाव ऐकावेत, तसं काहीसं. घ्यायचं काहीच नसतं, पण पाय निघत नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात हा बाजार चांगलाच तापला होता. संजू सॅमसन चेन्नईला गेला आणि त्याच्या बदल्यात रवींद्र जडेजा नि सॅम करन राजस्थानला. याच जडेजाला २०१० साली दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल वर्षभर बाहेर बसवलं होतं. म्हणजे खेळाडूने आपणहून केलं की गुन्हा, मालकांनी आपसात केलं की व्यवहार! आता अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते म्हणा, पण दार उघडायचं की नाही हे मालकच ठरवतो.

माझं लक्ष मात्र लखनौच्या यादीवर होतं. त्यांनी हैदराबादकडून मोहम्मद शमीला १० कोटींना घेतलं. पालघरचा शार्दूल ठाकूर २ कोटींना मुंबईला दिला. अशी अदलाबदल होण्याची त्याची ही तिसरी वेळ. मुंबईहून अर्जुन तेंडुलकर ३० लाखांना आला. आणि त्याच दिवशी सोडून दिलेल्यांच्या यादीत एक नाव होतं, राजवर्धन हंगरगेकर. तुळजापूरचा. भाव, तोच ३० लाख.

हे नाव आमच्या जिल्ह्यात (तेव्हा उस्मानाबाद, २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव) किती कौतुकाने घेतलं गेलं ते आठवतं. २०२२ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात त्याने वेगवान गोलंदाजी तर केलीच, पण आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंत ३९ धावाही कुटल्या. भारताने तो चषक जिंकला आणि आठवडाभरातच लिलावात ३० लाखांच्या पायाभूत किमतीवरून चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं. पहिला हंगाम बाकावर गेला. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत पदार्पण झालं, गुजरातविरुद्ध ३६ धावांत ३ बळी. तीन दिवसांनी चेन्नईत दुसरा सामना, २ षटकांत २४ धावा. त्या सामन्यानंतर धोनीने आपल्या गोलंदाजांना बजावलं होतं, की नो-बॉल आणि वाइड आवरा, नाहीतर नव्या कप्तानाच्या हाताखाली खेळावं लागेल. चेन्नईने तो चषक जिंकला, पण राजवर्धनला त्या हंगामात तिसरा सामना काही मिळाला नाही. पुढे २०२४ च्या लिलावात लखनौने त्याला ३० लाखांना घेतलं, आणि वर्षाने सोडलं.

यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. बाजार असाच चालतो. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. दीड कोटीचे ३० लाख झाले, ३० लाखांचं शून्य झालं, हा हिशोब सगळ्या देशाने वाचला. पण तुळजापूरसारख्या गावात जो कुणी पोरांना नेटमध्ये उभं करतो, चेंडू विकत आणतो, त्याच्या खात्यात दीड कोटीच्या वेळी काय आलं?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या बाबतीत मोठा काटेकोर हिशोब असतो. तिथे जुलैअखेरच्या सुमारास अदलाबदलीची मुदत संपते, आणि सगळ्यात जास्त चर्चा असते सुरुवातीचे डाव टाकणाऱ्या पिचरांची. एखाद्याचा करार त्या हंगामात संपत असेल तर संघ त्याला ठरावीक रकमेचा एक वर्षाचा प्रस्ताव देऊ शकतो. त्याने तो नाकारून दुसरीकडे सही केली तर जुन्या संघाला भरपाई म्हणून नवोदितांच्या निवडीत एक जादा संधी मिळते. पण हंगामाच्या मधेच विकत घेतलेल्या खेळाडूवर ही भरपाई मिळत नाही. म्हणून विकणारा विचार करतो, की आत्ता विकून दोन होतकरू पोरं घ्यावीत, की ठेवून घेऊन भरपाईची वाट बघावी? खेळाडू गेला तर मागे राहणाऱ्याचं काहीतरी जातं, एवढं तरी तिथे मान्य आहे. अर्थात तिथेही भरपाई मालकालाच. फुटबॉल याच्याही पुढे गेलं. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूची मोठी विक्री झाली की रकमेतले ५ टक्के बाजूला निघतात आणि तो १२ ते २३ वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटले जातात. कुठल्यातरी खेड्यातल्या क्लबाचं मैदान अशा एका चेकवर उभं राहू शकतं.

आपल्याकडे असं काही नाही. मग आपली भरपाई कशी होते? कधीकधी माणूसच परत येतो. सारिका काळे याच जिल्ह्याची, खो-खोची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कप्तान होती. घरची परिस्थिती अशी, की कित्येक वर्षं एका वेळच्या जेवणावर काढल्याचं तिने स्वतःच सांगितलंय. तिच्या खेळात लिलाव नव्हता, कोटी नव्हते. २०२० साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी करत होती... कुठे? तुळजापूरला!

मला हे फार मोलाचं वाटतं. पण एखाद्याच्या परतण्यावर गावाने किती दिवस विसंबायचं? प्रत्येकाला परतणं जमत नाही, आणि तशी अपेक्षा करणंही बरं नाही. राजवर्धनने जिथे संधी मिळेल तिथे जावं, खूप बळी घ्यावेत. फक्त पुढच्या वेळी आमच्याकडच्या एखाद्या पोरावर कोटीची बोली लागली, की त्यातले पाच टक्के त्या पोराच्या खिशातून नव्हे, तर बोली लावणाऱ्याच्या खिशातून त्याच्या पहिल्या मैदानाकडे यावेत. दीड कोटीचे पाच टक्के म्हणजे साडेसात लाख. तालुक्याच्या गावात एवढ्या पैशात चांगल्या खेळपट्ट्या, जाळ्या आणि बरीच वर्षं पुरतील इतके चेंडू येतात.