बंदरात उतरण्यापूर्वी

क्रूझची सफर ठरली की घरात पहिली चर्चा होते ती खोलीची. खिडकीची घ्यावी की बिनखिडकीची, वरच्या मजल्यावर की खालच्या? तिकिटाचे पैसे भरून झाले की वाटते, आता खर्च संपला. राहणे आणि साधे जेवण तिकिटात येते हे खरे, पण जहाज ज्या बंदरांत थांबते तिथे उतरून शहर पाहायचे तर त्या सहलीचे पैसे वेगळे. जहाजवाले त्यांना ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाचा हिशेब बहुधा इथेच कोलमडतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही सिंगापूरहून निघणारी पाच रात्रींची सफर केली. वाटेत मलेशियातले पोर्ट क्लांग, मग पेनांग, नंतर थायलंडमधले फुकेत आणि परत सिंगापूर. आम्ही दोघे, कॉलेजात जाणारी मुलगी, आठवीतला मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या अम्मी असे पाच जण होतो. जहाजाच्या यादीत कुआलालंपूरच्या सहलीला माणशी ८० डॉलर लिहिले होते. पाच जणांचे ४०० डॉलर, तेही एका बंदराचे. तिन्ही बंदरांत अशाच सहली घेतल्या असत्या तर मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागला असता. दुसरीकडे, परक्या देशात अम्मींना घेऊन नुसते अंदाजाने फिरणेही आम्हाला मंजूर नव्हते.

तोडगा अम्मींच्या बोलण्यातून निघाला. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांप्रमाणे आमच्या घरातही बोटीवरची नोकरी होती. मरहूम अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी होते. बंदराला लागल्यावर मिळणाऱ्या चार-सहा तासांच्या सुट्टीत ते गाव पाहून यायचे. अम्मी म्हणाल्या, “ते सांगायचे, गेटाबाहेर पडलं की आधी परतीची वाट विचारायची, बाजार मग. बोट कुणासाठी थांबत नाही.” आम्ही कागद घेऊन बसलो आणि प्रत्येक बंदरापुढे तीन प्रश्न लिहिले. जहाज नेमके कुठे लागते? तिथून परतीच्या किती वाटा आहेत? आणि उशीर झाला तर जबाबदारी कोणाची?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज सहसा तिची वाट पाहते. आपण बाहेरून ठरवलेली गाडी अडकली तर जहाज निघून जाते आणि पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास आपल्या खर्चाने करावा लागतो. २०२४ च्या मार्चअखेर आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर हेच घडले. खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. जहाज नजरेसमोर होते, तरी त्यांना वर घेतले गेले नाही. म्हणजे जहाजाच्या सहलीला आपण जे जास्तीचे पैसे देतो, ते मुख्यतः वेळेवर परतण्याच्या हमीचे असतात. मग जिथे परतीची धास्ती आहे तिथेच ही हमी विकत घ्यावी, बाकीच्या ठिकाणी पैसे वाचवावेत, असे आम्ही ठरवले.

पोर्ट क्लांगची गोष्ट नावावरून वाटते तशी नाही. त्या गावात लोकल रेल्वेचे स्टेशन आहे, तिथून गाडी थेट कुआलालंपूरला जाते. ते वाचून अनेकांना वाटते, उतरू आणि रेल्वेत बसू. पण क्रूझचा धक्का पुलाऊ इंदाह नावाच्या बेटावर आहे. स्टेशन तिथून चालत जाण्याजोगे नाही, आणि राजधानी रस्त्याने तासाभराहून जास्त लांब. वाहतूक तुंबली तर किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. म्हणून इथे आम्ही जहाजाचीच गाडी घेतली, पण पूर्ण सहल नाही. यादीच्या शेवटी ‘फक्त बस’ असा एक पर्याय होता. गाईड नाही, जेवण नाही, शहरात सोडणार आणि ठरल्या वेळी परत आणणार. माणशी ४५ डॉलर. परतीची हमी तीच, आणि पाच जणांमागे १७५ डॉलर वाचले. हा पर्याय यादीत अगदी खाली असतो आणि काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून विचारून घ्यावा.

बसने पेट्रोनास मनोऱ्यांपाशी सोडले. ४५२ मीटर उंचीचे हे जोड मनोरे २००४ पर्यंत जगातल्या सर्वांत उंच इमारतींत पहिले होते. वर जायला तिकीट लागते आणि ते आधी काढावे लागते. आम्ही खालूनच पाहिले. शेजारी मोठी बाग आहे, मुलांना पाण्यात खेळायला उथळ तलाव आहे आणि बागेला लागूनच अस-शाकिरीन मशीद आहे. जोहरची नमाज तिथे झाली. अम्मी सावलीत बसल्या, मुले तलावाच्या काठी रमली. जेवण बाजूच्या मॉलमध्ये झाले. मलेशियात खाण्याच्या ठिकाणी सरकारी ‘जाकिम’चा हलाल शिक्का असतो, तो पाहिला की विचारपूस करावी लागत नाही. ज्यांच्याबरोबर फारच वयस्कर माणसे आहेत त्यांनी राजधानीचा हट्ट न धरता अलीकडच्या शाह आलमची चौकशी करावी. तिथली निळ्या घुमटाची सुलतान सलाहुद्दीन अब्दुल अझीझ मशीद आग्नेय आशियातल्या सर्वांत मोठ्या मशिदींपैकी आहे, आणि रस्ताही कमी पडतो.

पेनांगमध्ये सगळे उलटे आहे. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि धक्क्याबाहेर पाऊल टाकले की जॉर्जटाउनचे जुने शहर सुरू होते. २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. इथे बसच्या सहलीचे पैसे देणे म्हणजे मोहल्ल्यातल्या दुकानात रिक्षाने जाण्यासारखे. आम्ही एकही सहल घेतली नाही. समोरच राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षे झाली म्हणून बांधलेला साठ फुटी घड्याळाचा मनोरा आहे, पुढे कॉर्नवॉलिस किल्ला. तिथून एकाच रस्त्याच्या आसपास चर्च, चिनी देऊळ, तमिळ लोकांचे मारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद ओळीने लागतात. ही मशीद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी उभारली.

अम्मींना पेनांगचे नाव माहीत होते. अब्बांच्या पत्रांत ते ‘पिनांग’ असे यायचे. मशिदीच्या आवारात बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “इथे आले असतील का रे ते?” आम्हाला ठाऊक नव्हते. एवढेच सांगितले की धक्क्यावरून चालत येण्याएवढे हे जवळ आहे. सहलीच्या बसमध्ये असतो तर गाईडने दहा मिनिटांत उठवले असते. इथे उठवणारे कोणी नव्हते.

दुपारी जवळच नासी कांदर खाल्ले. नासी म्हणजे भात आणि कांदर म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले पूर्वी कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्याला रस्सा घेऊन फिरत, त्यावरून हे नाव पडले. भातावर दोन-तीन प्रकारचे रस्से एकत्र ओततात, तिखट बेताचे. थकवा आला की शहरात मोफत फिरणारी बस आहे, तिने धक्क्याजवळ परत येता येते. मुलांना पेनांग टेकडीवर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने जायचे होते. टेकडी शहराबाहेर आहे आणि वर-खाली दोन्हीकडे रांग लागू शकते. रांगेचा वेळ आपल्या हातात नसतो, म्हणून ती आम्ही सोडली.

खरा पेच फुकेतचा होता. मुलीने फांग-ङा उपसागरातल्या को पान्यी गावाची चित्रे पाहिली होती. समुद्रात खांबांवर उभे असलेले मुसलमान कोळ्यांचे गाव, मधोमध मशीद आणि मुलांनी पाण्यावर तरंगते केलेले फुटबॉलचे मैदान. आमच्यासारख्यांनी तिथे जाऊ नये तर कोणी जावे, हा तिचा सवाल रास्त होता. पण आमचे जहाज पाटोंगच्या खाडीत नांगरणार होते. तिथून छोट्या बोटीने किनारा, मग दीडएक तासाचा रस्ता, मग पुन्हा बोट, आणि तेवढेच परत. शिवाय आपल्या मुलांच्या मेच्या सुट्टीत अंदमान समुद्राच्या त्या किनाऱ्यावर पावसाळा सुरू होतो. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ नावाची पर्यटकांची बोट वादळी समुद्रात उलटली आणि ४७ चिनी प्रवासी बुडाले. खराब हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता.

मुलगी म्हणाली, “मग जहाजाची सहल घेऊ. ती तर सुरक्षित असते ना?” वेळेपुरती हमी असते, जिवाची नसते, हे तिला समजावावे लागले. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ज्वालामुखीचा स्फोट झाला. बेटावर त्या वेळी ४७ माणसे होती, त्यांपैकी ३८ क्रूझच्या सहलीने आलेली. एकूण २२ जण दगावले. सहल कोण विकतो यापेक्षा सहल कुठे जाते, कोणत्या मोसमात आणि कशातून, हे आधी पाहायला हवे. बोटीत प्रत्येकासाठी, मुलांच्या मापाचेही, लाइफ जॅकेट आहे का, आणि हवा बिघडली तर पैसे परत मिळतात का, हे दोन प्रश्न तरी विचारावेत. पैसे परत न देणारा माणूस वाईट हवेतही बोट काढण्याची शक्यता जास्त.

को पान्यी राहिले. मुलगी अर्धा दिवस रुसली. जहाजातून छोट्या बोटीत उतरताना पायरी लाटेबरोबर वर-खाली होते, ते पाहून अम्मींनी आपणहून जहाजावरच राहायचे ठरवले. आम्ही चौघे पाटोंगला उतरलो. किनाऱ्यावर लाल निशाणे लावलेली होती, म्हणजे पोहायला बंदी. जेट-स्की भाड्याने देणारे मागे लागले. तिथे परत आणलेल्या स्कूटरवर जुना ओरखडा दाखवून भरपाई मागण्याचे प्रकार पूर्वी खूप गाजले आहेत, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही. फुकेतमध्ये मुसलमान वस्ती बरीच आहे, हलालचा शिक्का असलेल्या खाणावळी सहज सापडतात. जेवलो, बाजार फिरलो आणि शेवटच्या बोटीची वाट न पाहता तिच्या दोन फेऱ्या आधी परतलो. शेवटच्या फेरीला सगळेच धावतात आणि रांग उन्हात असते.

फुकेतची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. थायलंडचे घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरताच मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवतो. जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चालत असेल तर मोबाइल पाहून निघणारा तासभर उशिरा पोहोचतो. आम्ही मनगटावर एक साधे घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवले होते आणि दिवसभर तेच पाहिले.

आता थोडे कागदांविषयी. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचे म्हणजे तिथे दोनदा प्रवेश होतो. व्हिसावर एकाहून जास्त प्रवेशांची परवानगी आहे का, ते घरूनच पाहावे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे, पण अशा सवलती मुदतीच्या असतात, म्हणून निघण्याआधी दूतावासाच्या सूचना वाचाव्यात. पुष्कळ जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात. त्याची छायाप्रत, जहाजाचे ओळखपत्र आणि त्या बंदरातल्या जहाजाच्या एजंटाचा फोन नंबर प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळा असावा. हा नंबर रोज खोलीत येणाऱ्या पत्रकावर छापलेला असतो. आम्ही तो मुलांकडून कागदावर लिहून घेतला, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते. पत्रकावर जहाज सुटण्याची वेळ आणि सर्वांनी चढण्याची वेळ वेगळी असते. आपण चढण्याची वेळ धरावी आणि तिच्याही तासभर आधी धक्क्यावर असावे.

घरी आल्यावर हिशेब मांडला. तीन बंदरांत मिळून एकच सहल विकत घेतली होती, तीही फक्त बसची. फीची रक्कम होती तिथेच आहे. मुलीने को पान्यीची चौकशी सुरू केली आहे. तिच्या मते डिसेंबर-जानेवारीत तिथला समुद्र शांत असतो, आणि गाव जवळ पडावे म्हणून मुक्काम फांग-ङालाच करायचा. तिच्या वहीत वरच्या ओळीत तेच तीन प्रश्न लिहिलेले आहेत. इन्शाअल्लाह, एखाद्या वर्षी जमेल.