काकूंच्या बोळातलं न्हाणीघर

११ जानेवारी, सातारा
आम्ही विकत घ्यायला निघालेल्या मंगळवार पेठेतल्या घरात आज टेप घेऊन गेलो. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र ९६.४ चौरस मीटर, आमच्या टेपेनं नव्याण्णव भरलं. मालक म्हणाले, "मग तुमचा फायदाच की!" हिनं लगेच विचारलं, "हे जास्तीचं आलं कुठून?" उत्तर समोरच होतं. सगळं घर जुनं, वीटमातीचं, सागवानी तुळयांचं. मागचं न्हाणीघर तेवढं सिमेंटचं आणि शेजारच्या बोळात घुसलेलं.

१६ जानेवारी
हद्द कायम मोजणीचा अर्ज मालकांनीच भूमी अभिलेख कार्यालयात करायचा असतो. ते कां-कूं करत होते. सर्च रिपोर्ट स्वच्छ आहे, मग मोजणी कशाला? पण सर्च रिपोर्टात नोंदलेले कागद दिसतात: कुणी कुणाला विकलं, कुठं गहाण ठेवलं. भिंत कुणाच्या जमिनीवर उभी आहे, ते त्यात कुठून कळणार? मोजणीशिवाय विसार नाही, असं सांगितल्यावर तयार झाले.

२० फेब्रुवारी
मोजणी झाली. नोटीस गेलेली असल्यानं शेजारच्या काकू सकाळपासून ओट्यावर बसून होत्या. न्हाणीघर ६५ सेंटिमीटर त्यांच्या हद्दीत, लांबी ४.२ मीटर. म्हणजे पावणेतीन चौरस मीटर.

२१ फेब्रुवारी
मालकांचा फोन. "तीस वर्षं झाली त्याला. बारा वर्षांनंतर जागा आपलीच होते."
वकीलबाईंकडे गेलो. मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५: बारा वर्षं खरी. असा ताबेदार स्वतः वादी होऊनही हक्क मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलं आहे. पण ताबा उघड, अखंड आणि मूळ मालकाच्या हक्काला नाकारणारा हवा. परवानगीनं वापरलेली जागा नुसत्या वापरानं कधीच आपली होत नाही. "बांधताना कुणाला विचारलं होतं का, तेवढं काढा," म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी
काकूंकडे चहा झाला. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. "त्यांची सून बाळंतीण व्हायची होती. जुनं न्हाणीघर परसाच्या टोकाला, पावसाळ्यात तिनं तिकडं कसं जायचं? ह्यांनीच सांगितलं, बांधा, पुढं बघू." ते 'पुढं' आलंच नाही, काकाही गेले.
मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. त्यांच्या कौलांच्या पागोळ्या त्या स्लॅबवर पडतात आणि पाणी उडून काकूंच्याच भिंतीला लागतं. भिंत कमरेएवढी ओली, पोपडे सुटलेले. पन्हळ साफ करायला बोळात शिडी उभी राहत नाही. इतकी वर्षं दर पावसाळ्यात ही बाई त्या भिंतीला कपाट सोडून काही टेकवू शकलेली नाही, आणि कपाटही आता कुजलंय. भल्या मनानं दिलेल्या होकारातून हक्क उकरून काढायचा? मला ते जमणार नाही. कोर्टात जिंकता आलं असतं तरी जमलं नसतं.

२८ फेब्रुवारी
तेवढा तुकडा विकत घ्यावा, हाही विचार झाला. त्यासाठी काकूंच्या मिळकतीचं पोटविभाजन, नगरपालिकेची परवानगी, वेगळं खरेदीखत. त्यांच्या मुलांच्याही सह्या. काकूंना पैसे नकोतच. "मला बोळ मोकळा करून द्या," एवढंच म्हणाल्या. मागणी रास्त आहे.

४ मार्च
वकीलबाईंनी आणखी एक बजावलं. मालमत्तेतला जो दोष साध्या चौकशीनं कळणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगायला हवा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. आम्हाला तर आता सगळं माहीत आहे. माहीत असून घेतलं, तर उद्या मालकांकडे बोट दाखवता येणार नाही आणि काकूंच्या भिंतीची ओल आमच्या नावावर लागेल.

७ मार्च
मालकांना लेखी कळवलं. विसाराआधी न्हाणीघर पाडून हद्दीच्या आत घ्यावं. त्यांना जमत नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करावा, आम्ही पाडू. तारीख साठेखतात घालू. मोजणीचा नकाशा खरेदीखताला जोडायचा आणि क्षेत्र ९६.४ च लिहायचं. काकूंच्या भिंतीचा गिलावा पावसाळ्याआधी, ह्याच पैशांतून. एक प्रत काकूंना नेऊन दिली.

१२ मार्च
मालक गिलाव्यावर अडलेत, बाकी कबूल. हिचं म्हणणं, तो आपण करू पण घर सोडू नये. मी गवंड्याला उद्या भिंत दाखवायला बोलावलंय.