बांधापलीकडं

आमचं शेंद्रा जालना रोडवर, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर. माझ्या लहानपणी चैत्रातली मांगीरबाबाची यात्रा सोडली तर या गावाचं नाव बाहेर फारसं कुणी घेत नव्हतं. बाजरी, ज्वारी, तूर, कपाशी. विहिरीला पाणी असलं तर थोडीफार मोसंबी. आमचं घर ख्रिस्ती. रविवारी प्रार्थनेला पेटी, तबला, झांज असायची आणि टिळकांची भजनं व्हायची. रेव्हरंड टिळक 1919 साली वारले, पण माझ्या मायला अक्षरओळख नसतानाही त्यांची भजनं तोंडपाठ होती.

आजोबांनी दुसऱ्याच्या घरी सालं काढून बारा एकर जमीन केली. ती दोन लेकांत वाटली. मधे बांध पडला. अलीकडं आमची सहा एकर, पलीकडं चुलत्याची सहा. चुलतभावाला मी अण्णा म्हणतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आम्ही एका बांधावर बसून भाकरी खाल्ल्या, एका विहिरीत पोहायला शिकलो.

नव्वदच्या दशकात पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसाठी आमच्या भागात जमिनी गेल्या. मोजणीवाले आले, खुणा लावल्या. आमच्याकडं रेघ आली ती नेमकी बांधावरून. अण्णाचं वावर गेलं, माझं राहिलं.

गावात काही बाया वावराकडं बघून रडल्या. मीही वरवर म्हणालो, "वाचलो बुवा." पण अण्णाला पैसे मिळाले आणि माझी झोप उडाली. त्यानं स्लॅबचं घर बांधलं. जीप घेतली, ती भाड्यानं लावली. थोरल्याला शिकवलं, तो पुढं कंपनीत लागला. 2001 साली शेंद्र्यातून स्कोडाच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. त्या चकचकीत गाड्या रोडनं जायच्या आणि मी कपाशीत फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन उभा असायचो.

हेवा कसा असतो ते मी सांगतो, कारण मी तो पंधरा वर्षं पोसला. अण्णाच्या दारावरून जायला नको म्हणून मी लांबच्या वाटेनं वावरात जायचो. त्याच्या घरी पाहुणे किती आले, किराणा किती आला, सगळं मला पाठ. त्याच्या पोराचं लग्न झालं तेव्हा मी जेवलो आणि घरी येऊन म्हणालो, "भाजीत तिखटच नव्हतं." 2010 साली आपल्या शहरातल्या लोकांनी एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्याची बातमी पेपरात आली. ज्यांची तोंडंही कधी पाहिली नाहीत त्या लोकांवरही मी दिवसभर जळत होतो.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगायची राहिली. अण्णाची एक म्हैस मेली. चांगली दुभती. मी त्याच्या घरी जाऊन तोंड पाडून बसलो, हळहळलो. परत येताना पायाखाली वाट हलकी वाटली. मला आनंद झाला होता. त्याच रविवारी मी प्रभुभोजनाला हात पुढं केला. भाकर तोंडात घेतली, ती घशाखाली उतरेना.

मग 2012 चा दुष्काळ आला. आपल्या आणि जालन्याच्या भागात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. माझी साठ झाडं होती, लेकरासारखी वाढवलेली. जानेवारीत विहीर आटली. पानं गळायला लागली. विकतचा टँकर मला परवडत नव्हता. एक दिवस सकाळी वावरात टँकर येऊन उभा. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णांनी पाठवलाय. आठवड्याला एक यायचा म्हणलेत."

मी म्हणालो, "परत ने."

मंडळी तिथंच होती. ती म्हणाली, "झाडांनी तुमचं काय वाकडं केलं? अन् अण्णांनी तरी काय केलं? कामून इतका डूख धरलाय?"

पाणी झाडांना गेलं, पण मी घरी येऊन खाटेवर पडलो. तोंड फिरवून. भाकरी आली, खाल्ली नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडं घरगुती प्रार्थना होती. पाळकसाहेबांनी पहिल्या राजांच्या पुस्तकातली अहाब आणि नाबोथाची गोष्ट घेतली. अहाब राजा. सगळं राज्य त्याचं. पण वाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता, तो त्याला भाजीपाल्यासाठी पाहिजे होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. तेवढ्यावर राजा घरी आला, बिछान्यावर पडला, तोंड फिरवलं आणि जेवला नाही. पुढं राणीनं खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी मारवलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. दरवेळी मला वाटायचं, मी नाबोथ. गरीब, वाडवडिलांच्या जमिनीवरचा. त्या दिवशी बिछान्याची गोष्ट आली आणि माझी मान खाली गेली. मंडळी माझ्याकडंच बघत होती. नाबोथाला राजानं पैसे देऊ केले तरी त्यानं जमीन दिली नाही. मला कुणी विचारलंच नाही म्हणून मी रुसलो होतो. बापाचं वावर ताब्यात असून त्यालाच शिव्या देत होतो. मी नाबोथ नव्हतो, अहाब होतो. सहा एकराचा अहाब.

पाळकसाहेब शेवटी म्हणाले, अहाबासारख्या माणसानंही पुढं गोणपाट नेसलं, उपास केला, आणि देवानं तेही बघितलं.

रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून सरळ वाटेनं अण्णाच्या दारात गेलो. "सलाम अण्णा" म्हणालो. चहा आला. कप तसाच ठेवून म्हणालो, "अण्णा, तुझी म्हैस मेली तेव्हा मला बरं वाटलं होतं."

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला कळलं होतं. तू चौकशी लई केलीस." आणि हसला. पुन्हा म्हणाला, "चहा गार व्हायलाय." थोड्या वेळानं बोलला, "पेरणीच्या दिवसात माझा पाय घरात ठरत न्हाई. तुझ्या वावरात येऊ का?"

माझी साठातली बेचाळीस झाडं वाचली. अण्णा मृगात येतो, तिफणीला हात लावतो. त्याच्या जुन्या वावरात आता कंपनीचा पत्रा आणि उंच भिंत आहे. तो तिकडं पाठ करून बसतो.

त्याचा पैसा संपला म्हणून माझा हेवा गेला, असं कुणी समजू नये. अण्णा आजही माझ्यापेक्षा सुखवस्तू आहे. 2019 साली इथं ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं तेव्हा अण्णाचा नातू सांगत होता, आता भाव अजून वाढणार. ऐकताना पोटात बारीकशी कळ आलीच. हेवा म्हणजे हरळी. वरून उपटली की वाटतं गेली. मुळी राहते. दरसाल खणावी लागते, गुडघे टेकून. मी पहाटे तेच करतो. देवाकडं आता मागत नाही की रेघ माझ्या बाजूनं सरकव. एवढंच म्हणतो की अण्णाच्या घरी सगळं नीट असू दे. पहिली काही वर्षं हे शब्द तोंडातून ओढून काढावे लागायचे. आता बहुतेक दिवशी आपसूक येतात.

मग वावरात जातो, अण्णाच्या दारावरनं.