अंगणापासून सडकेपर्यंत

वाचकहो, आपल्या घराच्या उंबरठ्यापासून सडकेपर्यंतचे अंतर किती, असा प्रश्न कोणी आपणांस विचारला, तर आपण बहुधा हसाल. तो काय प्रवास आहे! अंगण ओलांडले, फाटक लोटले, की सडक. परंतु आपल्याच देशात असा एक प्रदेश आहे, की जेथे वर्षातील चार-पाच महिने हे अंतर मैलांत किंवा पावलांत न मोजता फावड्यांनी मोजावे लागते. हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात, चंद्रा नदीच्या काठच्या एका खेड्यात, हे मोजमाप मी तीन दिवस पाहिले आणि थोडेफार स्वतःच्या हातांनी केलेही. त्याचीच ही हकीकत.

लाहौल म्हणजे रोहतांग खिंडीपलीकडचा मुलूख. ही खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. पूर्वी कार्तिक सरता सरता तिच्यावर बर्फाचे दार लागे, ते वैशाख-ज्येष्ठाशिवाय उघडत नसे. आजारी माणूस, परीक्षेला बसणारा विद्यार्थी, बाळंतपण जवळ आलेली सून, यांना हिवाळ्यापूर्वीच कुलूस हलवावे, नाही तर हेलिकॉप्टरची वाट पाहावी. तेही न जमल्यास दैवावर हवाला ठेवावा, असा तेथला शिरस्ता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खिंडीच्या पोटातून गेलेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि हे दार बारमाही उघडे राहण्याची सोय झाली. मनालीहून जिल्ह्याचे ठाणे असलेल्या केलांगपर्यंतचे अंतरही ४६ किलोमीटरनी घटले.

बोगद्याने डोंगराला वळसा घालण्याचे कष्ट संपवले. आभाळातून पडणारा बर्फ मात्र पूर्वीसारखाच पडतो. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकत येणारे वायुप्रवाह, ज्यांना हवामानशास्त्रज्ञ पश्चिमी विक्षोभ म्हणतात, ते पौष-माघात हिमालयावर आदळतात आणि आपल्याजवळचे पाणी बर्फाच्या रूपाने तेथे ओतून जातात. बोगदा खुला झाल्यानंतरच्या एका फेब्रुवारी महिन्यात केलांगचे काम उरकून मी परत निघाले होते. सिस्सू गावाच्या अलीकडे गाडीवानाने वर पाहिले आणि गाडी थांबवली. पुढच्या वळणांवर डोंगरावरून हिमस्खलन होण्याचे भय होते. सडकेच्या वरच्या अंगाला एका वाडीतील वृद्ध शेतकऱ्याने आम्हांला आसरा दिला.

त्या घरी म्हातारा, म्हातारी, मुलगा आणि सून अशी चार माणसे. सुनेचे दिवस भरत आले होते. पुढच्याच आठवड्यात तिला कुलूस नेण्याचे ठरले होते. घराच्या अंगणापासून सडकेपर्यंत एक कच्ची वाट होती. उन्हाळ्यात तिच्यावरून बियाण्याच्या बटाट्यांची आणि मटाराची पोती भरलेली गाडी उतरते. हिवाळ्यात मात्र एका माणसापुरती पायवाट मोकळी ठेवण्याची रीत. मी पावले मोजली, ती दोनशेवीस भरली. म्हणजे सुमारे दीडशे मीटर.

“यंदा वाट गाडीच्या रुंदीची ठेवायची,” म्हातारा म्हणाला. कारण विचारण्याची गरज नव्हती. तंदुराजवळ, म्हणजे खोलीच्या मध्यभागी पेटवलेल्या लोखंडी शेगडीजवळ, सून लोकरीचे मोजे विणीत बसली होती.

दुपारी बर्फ पडू लागला. आपल्याकडील पावसाला आवाज असतो. पागोळ्यांना, पन्हळीला, कौलांना आपापला स्वर असतो. बर्फाला आवाज नाही. तासाभराने बाहेर पाहावे, तर जग नाहीसे झालेले. मला वाटले, आता बर्फ थांबेपर्यंत स्वस्थ बसावे आणि मग एकदाच काय ते साफ करावे. म्हातारा हसला. “बेटी, बर्फाला उधार ठेवू नये. त्याचे व्याज फार असते.” असे म्हणून त्याने रुंद पात्याची लाकडी फावडी काढली. लोखंडाला बर्फ चिकटतो, लाकडाला कमी चिकटतो आणि हाताला भारही कमी, असे त्याचे म्हणणे.

त्या व्याजाचा हिशेब मी रात्री कागदावर मांडला. वाट दीडशे मीटर लांब, अडीच मीटर रुंद, आणि बर्फ दोन फूट, म्हणजे साठ सेंटिमीटर धरला, तर तो सव्वादोनशे घनमीटर भरतो. ताजा भुसभुशीत बर्फ अत्यंत हलका. पाण्याच्या एकदशांशाइतकेच त्याचे वजन धरले, तरी ते साडेबावीस टन होते! एका फावड्यात पाच किलो उचलला जातो असे मानल्यास साडेचार हजार फावडी. हे ओझे एका वेळी उचलावयाचे, की चार-पाच वेळा वाटून घ्यावयाचे, एवढेच माणसाच्या हाती असते. शिवाय पडून राहिलेला बर्फ दबतो, त्याचे कण एकमेकांत गुंतून घट्ट होतात, आणि त्यावरून माणसे चालली, की खाली काचेसारखा कठीण थर बसतो. मग फावड्याचे काम कुदळीला करावे लागते.

बर्फ काढण्याचेही एक शास्त्र आहे, वाचकहो, आणि ते मी त्या म्हाताऱ्यापाशी शिकले. बर्फ होता होईल तो उचलू नये, ढकलावा. उचलणे भागच पडले, तर गुडघे वाकवावेत, पाठ वाकवू नये. कंबर पिळून मागे फेकू नये, पाय वळवून मग टाकावा. वाऱ्याच्या बाजूला ढीग रचू नये, कारण वारा तोच बर्फ पुन्हा वाटेवर आणून घालतो. हंगामाच्या आरंभी वाट हवी त्याहून अधिक रुंद काढावी. कारण दोन्ही बाजूंच्या भिंती प्रत्येक हिमवर्षावागणिक आत सरकत येतात, आणि माघ संपता संपता फेकलेला बर्फ ठेवायला जागा उरत नाही. उताराच्या शेताकडे तो टाकावा, म्हणजे वसंतात त्याचेच पाणी बियाण्याला मिळते. लाहौलात मोसमी पाऊस फारसा पोचत नाही. तेथली शेती वितळत्या बर्फावर आणि त्याचे पाणी आणणाऱ्या पाटांवर चालते. त्यामुळे जो बर्फ वाटेत वैरी, तोच शेतात अन्नदाता!

मीठ टाकून बर्फ वितळवता येणार नाही काय, असे मी विचारले. कडाक्याच्या थंडीत साधे मीठ निकामी ठरते. शून्याखाली दहा अंशांच्या सुमारास त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. वर ते शेतात उतरून जमीन बिघडवते. म्हणून म्हातारी तंदुरातील राख आणि माती घसरड्या जागी पसरीत असे. पायाला आधार मिळतो, आणि दुसराही लाभ होतो. ताजा पांढरा बर्फ उन्हाचा बहुतेक सर्व प्रकाश परत फेकतो, तर काळसर राख तो शोषून घेते आणि तेवढी जागा लवकर वितळते. वसंताच्या आरंभी शेतांवर माती उधळून बर्फ लवकर घालवण्याची युक्ती या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

मी फावडे हाती घेतले खरे; पण वीस फावड्यांतच माझा श्वास भात्यासारखा चालू लागला. तेथे समुद्रसपाटीपासून उंची तीन हजार मीटरांहून अधिक. हवेचा दाब आपल्याकडच्या सुमारे सात दशांशच. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि हातांच्या श्रमाने हृदयावरील ताण वाढतो. म्हणून वयस्कर माणसांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी हे काम हाती घेऊ नये, असे डॉक्टर बजावतात. म्हातारा दर दहा पावलांनी थांबे, फावड्यावर हनुवटी टेकून नदीकडे पाही. मला आधी वाटले, तो दृश्य पाहत आहे. नंतर कळले, तो आपला श्वास मोजत होता.

पहिल्या दिवशी दोनदा आणि दुसऱ्या दिवशी तीनदा वाट काढली. मधल्या वेळात मुलगा धाब्यावर चढून छपराचा बर्फ खाली ढकली. कारण मातीच्या सपाट छपरावर तो साचू दिला, तर भाराने तुळया वाकतात आणि वितळला की घर गळते. वीज गेली. दूरध्वनी कधी लागे, कधी न लागे. संध्याकाळी थुक्पा खाताना म्हातारीने १९७९ सालच्या मार्च महिन्याची आठवण काढली. त्या वेळी या खोऱ्यात कडे कोसळावेत तसे बर्फाचे लोट आले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. ती सांगत असता सून विणकाम थांबवून ऐकत होती. म्हातारीच्या ते लक्षात आले आणि तिने विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी पहाटे बर्फ थांबला, आणि सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या.

कुलू दूर राहिले. सिस्सूपुढचा मार्ग बंदच होता. पण केलांगच्या बाजूची सडक उघडत असल्याचा निरोप गावातून आला. सीमा भागातील असे रस्ते राखण्याचे काम ७ मे १९६० रोजी स्थापन झालेली सीमा सडक संघटना करते. पुढे पाते लावलेला बुलडोझर, आणि जेथे बर्फ फार, तेथे फिरत्या दातांनी बर्फ ओढून घेऊन नळीवाटे दरीत फेकणारे यंत्र, अशी तिची साधने. ही यंत्रे चालवणारी माणसे मध्यरात्री उठून, डोक्यावर हिमस्खलनाची तलवार टांगती असताना, काम करतात. सकाळी साडेसातला त्या यंत्राचा घरघराट ऐकू आला, तेव्हा म्हातारीने हात जोडले.

आमची वाट मोकळी होती. रात्री पडलेला वीतभर बर्फ अर्ध्या तासात निघाला. मी निश्चिंत मनाने सडकेच्या टोकाशी गेले आणि पाहते तो काय! यंत्राने सडक स्वच्छ केली होती. पण कडेला सारलेल्या बर्फाचा छातीइतका उंच बांध नेमका आमच्या वाटेच्या तोंडाशी उभा होता. यात कोणाचा दोष नाही. सडक साफ करावयाची तर बर्फ कडेला जाणारच, आणि कडेला आमची वाट होती. पण हा बांध भुसभुशीत बर्फाचा नव्हता. घुसळून फेकलेला बर्फ थोड्याच वेळात गोठून दगडासारखा होतो. म्हाताऱ्याने त्यावर फावडे मारले. पात्याचा कोपरा उडाला.

त्याने आवाज दिला नाही, कोणाला बोलावणे धाडले नाही. तो फक्त कुदळ आणायला मागे वळला. पण शेजारच्या धाब्यांवर बर्फ ढकलणाऱ्या माणसांनी ते पाहिले होते. एका घरातून दोघे, दुसऱ्यातून तिघे, एक शाळकरी मुलगी हातात कोळशाचे फावडे घेऊन, अशी दहा-बारा माणसे कुदळी-सबली घेऊन जमली. आपल्याकडे शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात, त्याला सावड म्हणतात. त्या शब्दाचा खरा अर्थ मला त्या बांधापाशी उमगला. कोणी फोडीत होते, कोणी ढेकळे हातांनी उचलून फेकीत होते. मीही ढेकळे उचलली. बोटे बधिर झाली, तेव्हा त्या शाळकरी मुलीने आपले लोकरी हातमोजे काढून मला दिले आणि स्वतःचे हात खिशात घातले.

पाऊण तासाने गाडीपुरती जागा झाली. माझ्याच गाडीवानाने गाडी अंगणापर्यंत चढवली. सासू सुनेला धरून बाहेर आली, मुलगा पुढे बसला आणि गाडी ती दोनशेवीस पावले उतरून सडकेला लागली. तांदीच्या दिशेने, जेथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो, ती वळणाआड गेली. म्हातारा मात्र घरीच राहिला. मी विचारले, “तुम्ही नाही गेलात?” तो म्हणाला, “परत येतील तेव्हा वाट कोण मोकळी ठेवील?” आणि त्याने पुन्हा फावडे उचलले.

वाचकहो, नऊ किलोमीटरचा बोगदा बांधणे ही राष्ट्राची करामत आहे आणि तिचा अभिमान आपणां सर्वांनाच वाटला पाहिजे. पण कोणताही राजमार्ग प्रत्येकाच्या उंबरठ्याला येऊन भिडत नाही. शेवटची दोनशे पावले घरच्या आणि शेजारच्या माणसांनाच मोकळी ठेवावी लागतात. ती जर बुजली, तर दाराशी आलेली सडकही परमुलखातली ठरते. हे केवळ बर्फाच्याच मुलखाला लागू आहे, असे मला वाटत नाही.

मी दिल्लीस परतल्यावर आठ दिवसांनी दूरध्वनी आला. केलांगच्या रुग्णालयात मुलगी झाली होती. दोघीही सुखरूप घरी आल्या होत्या. ही वार्ता म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितली. नंतरचा सारा वेळ तो बर्फाविषयीच बोलत होता: काल पुन्हा हातभर पडला, फावड्याला नवे पाते बसवले, आणि वाट गाडीच्या रुंदीचीच ठेवली आहे.