हललेला फोटो

शिरूरच्या शाळेतल्या १९८९ च्या दहावीच्या बॅचचा मेळावा ठरलाय. त्यासाठी जुना ग्रुप फोटो स्कॅन करायला परवा इथे दौंडला एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. मशीनमधला दिवा सरकत असताना माझ्याच हाताचा धक्का लागला आणि फोटो हलला. पुढच्या रांगा ठीक आल्या, पण मागच्या रांगेतली मुलं रबरासारखी ताणलेली!

दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, हे मशीन सगळा फोटो एकदम घेत नाही, एकेक रेघ वाचतं."

आणि मला मार्च १९८८ आठवला. त्या महिन्याच्या १७ तारखेला आपला आयआरएस-१ए उपग्रह सोव्हिएत रॉकेटने सोडला होता. नववीच्या वर्गात मी हौसेने सांगत होते, आता आपली घोडनदी, दौंडची भीमा, सगळं वरून दिसणार. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, उपग्रह एवढा पळतोय, मग फोटो हलत कसा नाही?"

माझं बी.ए. भूगोलातलंच, पण उत्तर येत नव्हतं. "ते शास्त्रज्ञ बघतील, बस खाली," म्हणाले. वर्ग हसला. त्याने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

उत्तर तसं सोपं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकनांना हीच अडचण होती. विमान खालून, वेगात गेलं की साध्या कॅमेऱ्यात जमीन पुसट यायची. मग त्यांनी शटर काढून फक्त एक बारीक फट ठेवली. जमिनीची प्रतिमा ज्या वेगाने सरकते त्याच वेगाने फटीमागून फिल्म सरकवायची. हललेलं काही उरतच नाही, लांबच लांब पट्टीसारखा सलग फोटो मिळतो. वेग जुळला नाही तर मात्र चित्र दबतं नाहीतर ताणलं जातं, माझ्या फोटोसारखं.

उपग्रहात फिल्म नव्हती. फटीच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या २०४८ कणांची एक ओळ. उपग्रह पुढे जाईल तशी रेघेला रेघ जोडली जायची. म्हणजे पळणं ही अडचण नव्हतीच, पळण्यामुळेच तर फोटो पुरा व्हायचा!

दुकानदाराने दुसरी, चांगली प्रत काढून दिली. बिघडलेलीही मी मागून घेतली. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा तो मुलगा आहे. मेळाव्याला येणार असं कळलंय.