ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

आमच्या ओळखीच्या एका वाचनालयाचा सर्व्हर गेली दहा-अकरा वर्षं जिन्याखालच्या खोलीत सुखाने नांदत होता. सर्व्हर म्हणजे फार काही नाही हो. एक साधा टॉवर, शेजारी यूपीएस, डोक्यावर टेबलफॅन आणि दारावर ‘पंखा बंद करू नये’ अशी पाटी. पुस्तकांची सूची, सभासदांच्या नोंदी आणि वाचनालयाची वेबसाईट, सगळा संसार त्याच्यावरच. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि कार्यकारिणीत ठराव पास झाला: सर्व्हर क्लाउडवर न्यायचा. तशीही वर सेंटओएस ७ होती, आणि तिचे अपडेट्स ३० जून २०२४ पासून बंद झालेले. काम कुणाच्या गळ्यात पडलं हे सांगायला नकोच.

मंडळी, या कामाचा तांत्रिक भाग वाटतो तेवढा भीतीदायक नसतो. डीएनएसच्या नोंदीला टीटीएल नावाची एक मुदत असते. तिथे ८६,४०० लिहिलं असेल, तर इतर सर्व्हर तुमचा जुना पत्ता २४ तास धरून बसू शकतात. म्हणून हलवण्याच्या दोन दिवस आधी ती मुदत ३०० सेकंदांवर आणायची. मग पत्ता बदलला की पाच-दहा मिनिटांत बहुतेक जग नव्या घरी यायला लागतं. त्याआधी फायली कॉपी करायच्या, डेटाबेसचा डंप काढून नव्या जागी चढवायचा. झालं!

मराठी मजकूर असला की मात्र या ‘झालं’च्या आधी एक थांबा लागतो. जुन्या मायएसक्यूएलमध्ये आपण काही सांगितलं नाही तर टेबलं लॅटिन-१ या संचात बनायची (आवृत्ती ८.० आली २०१८ साली, तेव्हा कुठे हे बदललं). इथेही तेच होतं. अक्षरं यूटीएफ-८ची, टेबल लॅटिनचं. लिहिताना आणि वाचताना दोन्हीकडे तोच घोळ, त्यामुळे पडद्यावर सगळं छान दिसतं. हाच डंप नेहमीसारखा काढून चढवला, की पुस्तकांच्या नावांजागी डोक्यावर तिरप्या रेघा असलेली युरोपियन अक्षरं! उपाय सोपा आहे. डंप लॅटिन-१ म्हणूनच काढायचा, मग त्या फाइलमध्ये संचाचं नाव यूटीएफ-८-एमबी-४ करायचं आणि मग चढवायचा. जाता जाता एक कोडंही सुटलं. सूचीतली काही लांबलचक नावं अर्ध्यावर तुटलेली होती. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात, मात्रा आणि काना वेगळे धरून. २५५ बाइटच्या रकान्यात ८५ चिन्हं भरली की संपलं. इतकी वर्षं बिचाऱ्या नोंदणी करणाऱ्यांनी बोलणी खाल्ली असतील!

असो. हे सगळं एका शनिवारात उरकलं. खरं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

डीएनएस बदलायचं तर डोमेनचा पासवर्ड हवा. तो कुणाकडेच नव्हता. डोमेन घेतलं होतं २००९ साली, एका उत्साही सभासदाने, स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या कार्डावर. हे सद्गृहस्थ पुढे अमेरिकेत गेले आणि दरवर्षी न बोलता, पदरचे पैसे घालून ते रिन्यू करत राहिले. वाचनालयात हे कुणाला ठाऊकही नव्हतं. ग्रंथपाल मॅडमनी जुन्या वर्गणीच्या वहीतून त्यांच्या बहिणीचा नंबर शोधला, तेव्हा ते सापडले. म्हणाले, “बरं झालं फोन केलात. ते कार्ड आता बंद होणार आहे, नि तो ईमेल मी उघडतच नाही.” मुदत संपायला तीन महिने होते. ते भेटले नसते तर सर्व्हर कितीही आधुनिक झाला असता तरी त्याच्या दारावरचं नाव गेलं असतं.

त्याच दिवशी कार्यवाह मला म्हणाले, “अहो, क्लाउडचं खातं तुमच्याच ईमेलवर उघडा की. कार्डही तुमचंच घाला, आम्ही चेक देऊ.” सूचना प्रेमाची होती, पण मी नाही म्हटलं. उद्या मी दुसऱ्या गावी गेलो, नंबर बदलला किंवा गाडीखाली आलो, की माझाही तो अमेरिकेतला सभासद होणार. आणि प्रत्येक जण काही सापडत नाही.

सर्व्हर जिन्याखाली होता तोवर मालकीचा प्रश्न नव्हता. खोलीची किल्ली वाचनालयाच्या खिळ्यावर, म्हणजे सर्व्हर वाचनालयाचा. क्लाउडवर खिळा नसतो. तिथे ज्याचा ईमेल, ज्याचं कार्ड आणि ज्याच्या फोनवर ओटीपी, तो मालक. ठरावात काहीही लिहा.

मग आम्ही असं केलं. मोठ्या परदेशी कंपन्यांची केंद्रं मुंबईत आहेत (ॲमेझॉनचं २०१६ पासून), पण त्यांचं बिल साधारण दरमहा, वापराप्रमाणे आणि कार्डावर. दोन सह्यांच्या चेकबुकवर चालणाऱ्या संस्थेला ते झेपत नाही. म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ घेणारी, जीएसटीची पावती देणारी एक देशी होस्टिंग कंपनी निवडली. खात्यासाठी वाचनालयाच्या नावाने वेगळा ईमेल काढला, तोही मुद्दाम वाचनालयाच्या डोमेनवर नाही. डोमेनच गेलं तर पासवर्ड बदलायचं पत्र येणार कुठे? मोबाइलचं सिम संस्थेच्या नावावर, फोन ग्रंथपाल मॅडमच्या टेबलात. राखीव कोड कागदावर छापून बंद पाकिटात, इमारतीच्या कागदपत्रांसोबत कपाटात. रिन्यूअलच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने.

आणि बॅकअप दुसऱ्या जागी. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउडच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत खाक झाली आणि कित्येकांचा डेटा कायमचा गेला. ढग म्हटलं तरी शेवटी ती कुठल्यातरी गावातली इमारतच. म्हणून महिन्यातून एकदा सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवायचं, हे काम आता ग्रंथपाल मॅडम स्वतः करतात, आणि माझ्यापेक्षा नियमित करतात.

तुमच्यापैकी कुणी सोसायटीची, शाळेची, गावच्या मंडळाची वेबसाईट सांभाळत असेल, तर या रविवारी चहा पिता पिता एवढं बघा: डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे, ओटीपी कुणाला येतो आणि पैसे कधी भरायचेत. तिन्हीचं उत्तर ‘मी’ असेल, तर सोमवारीच कुणाला तरी हाताशी धरा.