पासवर्ड चुकला नव्हता हो!

परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. आमच्या कॉलेजात पोरांचं वायफाय लॉगिन होईना. ऑफिसातून एकच उत्तर, "पासवर्ड नीट टाका." तिथलं नेटवर्क मी सांभाळतो, म्हणून सांगतो: पासवर्ड बरोबर होते.

लॉगिन तपासतो तो रेडियस सर्व्हर. पासवर्ड चुकला तर तो स्पष्ट नकार पाठवतो. त्या दिवशी लॉगमध्ये नकार मोजकेच. बाकीच्यांना उत्तरच गेलं नव्हतं! आणि काही सेकंदांत उत्तर आलं नाही की अॅक्सेस पॉइंट तीच विनंती पुन्हा पाठवतो. आधीच दमलेल्याला तोच प्रश्न दोनदा, तीनदा. पोरंही वैतागून परत परत बटण दाबणार, त्यांचं काय चुकलं?

खरं दुखणं डेटाबेसात होतं. एका नावानं दोन ठिकाणी लॉगिन नको, म्हणून प्रत्येक वेळी आधीच्या नोंदी चाळल्या जायच्या. नोंदी कित्येक वर्षांच्या, आणि त्या टेबलाला धड इंडेक्स नाही. इंडेक्स घातला, जुन्या नोंदी बाजूला काढल्या, गर्दी ओसरली. खर्च शून्य. (वरिष्ठांनी तोवर नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवलं होतं.)

पण तारीख हुकलेल्या पोरांकडून विलंब शुल्क घेतलंच. ते परत करा, असा अर्ज लॉगच्या प्रतीसकट दिलाय. तुमच्याकडेही असं झालं तर 'नकार किती आणि अनुत्तरित किती' हे आकडे वेगवेगळे मागा. लेखी मागा.